फेअर की फाऊल? फक्कीच्या रेघेवरचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ नाही, बस हलते, इअरफोन घरी राहिलाय, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना जे बोललो तेच इथं आहे, फक्त "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत.

सुरुवात आपल्या जामठ्यापासून करू. २९ जानेवारी २०१७, भारत विरुद्ध इंग्लंड, टी-ट्वेंटी. भारतानं ८ बाद १४४ केलेल्या. शेवटच्या षटकात इंग्लंडला ८ धावा हव्यात, समोर जो रूट ३८ वर खेळतोय, बॉलिंगला बुमराह. पहिलाच चेंडू रूटच्या पॅडवर आदळतो आणि पंच सी. शमशुद्दीन बोट वर करतात. पायचीत! स्टेडियम डोक्यावर. पण टीव्हीवर रिप्ले आला आणि दिसलं की चेंडू पॅडला लागण्याआधी बॅटला चांगलाच लागून गेला होता. तेव्हा टी-ट्वेंटी सामन्यांत डीआरएस नव्हतं, त्यामुळे दाद मागायची सोय नाही. बुमराहनं त्या षटकात दोनच धावा दिल्या, इंग्लंड ५ धावांनी हरलं. कर्णधार मॉर्गननं नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. दोन-तीन दिवसांनी बेंगळुरूला तिसरा सामना झाला, तेव्हा शमशुद्दीन मैदानावर पंच म्हणून उभे राहिले नाहीत. त्याच वर्षाच्या शेवटाकडे टी-ट्वेंटीत डीआरएस आलं.

आता हा किस्सा नागपुरात सगळ्यांना पाठ आहे, नवीन काही नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. प्रश्न होता, चेंडू बॅटला लागला की नाही. एवढाच. एका सेकंदाचा काही भाग, एक माणूस, आणि हजारो लोक त्याच्या बोटाकडे बघतायत.

तर आज आपण अशा खेळाकडे जाऊ जिथे चेंडू बॅटला लागल्यावर खरी कटकट सुरू होते. सॉफ्टबॉल आणि त्याचा मोठा भाऊ बेसबॉल. हसू नका. तुमच्यातले निदान चार जण शाळेत सॉफ्टबॉल खेळलेले आहेत, मला माहितीय. शालेय स्पर्धांच्या मोसमात नागपुरातल्या मैदानांवर पीटीचे सर सकाळी फक्की घेऊन रेघा मारताना दिसतात. त्यातला काटकोनात निघालेला, हिऱ्यासारखा आकार दिसला की समजायचं, आज सॉफ्टबॉल आहे.

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटांत. होम प्लेटपासून दोन रेघा निघतात, एक पहिल्या बेसकडे, एक तिसऱ्या बेसकडे, आणि तशाच पुढे मैदानाच्या टोकापर्यंत जातात. या दोन रेघांच्या आतला सगळा भाग फेअर, बाहेरचा फाऊल. रेघ स्वतः फेअरमध्ये धरतात. क्रिकेटमध्ये आपल्याला ही सवय नाही. विकेटकीपरच्या मागे मारा, स्लिपच्या वरून मारा, धावा मिळतात. इथे मात्र चेंडू आत मारला तरच पळायचं. बाहेर गेला तर सगळं थांबतं, रनर परत आपल्या बेसवर.

सोपं वाटतं ना? रेघेच्या आत की बाहेर, लहान पोरगंही सांगेल. पण चेंडू कुठल्या क्षणी आत असायला हवा? जमिनीला पहिल्यांदा टेकतो तेव्हा? थांबतो तेव्हा? कोणी हात लावतो तेव्हा? या एका प्रश्नानं दीडशे वर्षं डोकी खाल्ली आहेत.

१८४५ साली न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर नावाच्या क्लबनं खेळाचे नियम कागदावर उतरवले. त्यात म्हटलं होतं की पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या हद्दीबाहेर मारलेला चेंडू फाऊल. आणखी एक मजा होती. चेंडू एक टप्पा पडून पकडला तरी बॅटर आऊट. वाचल्यावर मी थांबलोच. हा तर आपला गल्लीतला "एक टप्पा आऊट"! त्या पोक्त मंडळींनाही झेल पकडताना हात दुखत असणार, कारण तेव्हा ग्लोव्हज नव्हते. पुढे तरुण खेळाडूंना ते बायकी वाटायला लागलं (हा त्या काळातला शब्द, माझा नाही), बराच वाद झाला, आणि १८६४ च्या डिसेंबरात ठरलं की पुढच्या हंगामापासून आत मारलेला चेंडू हवेतच झेलला तर आऊट.

पण फेअर-फाऊलचा प्रश्न तसाच राहिला. त्या काळात पंच फक्त पहिला टप्पा बघायचे. चेंडू पहिल्यांदा आत टेकला तर फेअर, मग तो पुढे कुठेही जावो. नियमात एवढी मोठी खिंड असल्यावर कोणीतरी त्यातून जाणारच. शिकागो व्हाइट स्टॉकिंग्ज संघात रॉस बार्न्स नावाचा खेळाडू होता. तो बॅट वरून खाली अशी मारायचा की चेंडू होम प्लेटच्या पुढ्यात, आतल्या बाजूला एकदा टेकायचा आणि फिरकी घेऊन सरळ बाहेर पळायचा. तिसऱ्या बेसवाला बिचारा आत उभा, चेंडू प्रेक्षकांच्या पायाशी. तोपर्यंत बार्न्स आरामात बेसवर. १८७६ हे नॅशनल लीगचं पहिलं वर्ष, त्यात त्याची सरासरी होती .४२९. म्हणजे दर दहा वेळी चारपेक्षा जास्त वेळा हिट. आजच्या काळात कोणी वर्षभर .४०० ला पोचत नाही.

पुढच्याच वर्षी, १८७७ ला, नियम बदलला. आता पहिला टप्पा पुरेसा नाही. चेंडू पहिला किंवा तिसरा बेस ओलांडण्याआधी बाहेर जाऊन थांबला तर फाऊल. बार्न्सची सरासरी त्या वर्षी .२७२ वर आली. लोक म्हणतात नियमानं त्याला मारलं. खरं तर तो त्या वर्षी तापानं आजारीही होता, त्यामुळे सगळं श्रेय नियमाला द्यायला मी तयार नाही. पण गोष्ट म्हणून ती इतकी छान बसते की कोणी सोडत नाही.

आता बघा काय झालं. खेळाडूची युक्ती संपली, पण तिचं ओझं गेलं कुठे? पंचाच्या डोळ्यांवर. आधी त्याला एकच बिंदू बघायचा होता. आता त्याला चेंडूच्या मागे मागे नजर न्यायची, तो थांबेपर्यंत, बेस ओलांडेपर्यंत, किंवा कोणी हात लावेपर्यंत. हात लावला तर पुन्हा वेगळं: चेंडू त्या क्षणी रेघेच्या आत होता की बाहेर, हे बघायचं. खेळाडूचे पाय कुठे आहेत याचा काही संबंध नाही! पाय बाहेर, हात पसरून चेंडू आत असताना शिवला, तर फेअर. शाळेच्या सामन्यात दर दुसऱ्या दिवशी यावरून भांडण होतं. आईबाप खेळाडूच्या बुटांकडे बोट दाखवतात आणि पंच चेंडूबद्दल बोलत असतो.

आणि हो, खिंड बुजवली की नवी खिंड उघडतेच. २७ मे १९८१, सिएटलचं किंगडोम स्टेडियम. कॅन्सस सिटीच्या एमॉस ओटिसनं मारलेला चेंडू तिसऱ्या बेसच्या रेघेवरून हळूहळू रांगत निघाला. आत थांबला तर फेअर आणि ओटिस बेसवर सेफ. सिएटलचा तिसऱ्या बेसवाला लेनी रँडल. त्याला माहीत होतं, हात लावला तर त्या क्षणाचा हिशोब होणार आणि चेंडू तर आतच आहे. म्हणून तो चक्क हातापायांवर ओणवा झाला, तोंड चेंडूजवळ नेलं आणि फुंकर मारली! चेंडू गेला बाहेर. पंच लॅरी मॅकॉय यांनी आधी फाऊल दिला. मग कॅन्ससचे मॅनेजर जिम फ्राय धावत आले आणि शेवटी हिट द्यावी लागली. रँडलचं म्हणणं असं की मी फुंकर मारलीच नाही, चेंडूला समजावत होतो, बाबा बाहेर जा म्हणून. व्हिडिओ शोधा, मिळेल. आजचं सगळ्यात छान दोन मिनिटांचं मनोरंजन तेच आहे.

गंमत सोडा, पण पंचाच्या जागी उभे राहून बघा. नियमपुस्तिकेत "फुंकर" हा शब्द कुठे शोधणार? नियम म्हणतो हात लावला तर असं, थांबला तर असं. मधली जागा त्यानं स्वतः भरायची, आणि तीही दोन्ही बाजूंचे मॅनेजर कानाशी ओरडत असताना.

इथून आता आपण मुख्य नियमाकडे येतो. हा नियम बेसबॉल-सॉफ्टबॉलमधला सगळ्यात बदनाम. नाव इनफिल्ड फ्लाय. अमेरिकेत म्हणे एखाद्याला खरंच खेळ कळतो का हे तपासायचं असेल तर हा नियम समजावून सांगायला लावतात. मी प्रयत्न करतो. कागद-पेन घ्या हवं तर.

समजा पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर एकेक रनर उभा आहे. एक आऊट झालाय. बॅटरनं मारलेला चेंडू उंच उडाला आणि आता इनफिल्डमध्ये, तिसऱ्या बेसवाल्याच्या डोक्यावर खाली येतोय. रनरनी काय करायचं? झेल पकडला गेला तर त्यांना आपल्या बेसवर परत असायलाच हवं, नाहीतर चेंडू तिथे पोचला की आऊट. म्हणून ते बेसला चिकटून उभे. बरोबर?

आता तिसऱ्या बेसवाला हुशार आहे. तो झेल घेतच नाही. मुद्दाम खाली पडू देतो. झेल नाही, म्हणजे बॅटर पहिल्या बेसकडे पळणार. बॅटर पहिल्यावर येणार म्हणजे पहिल्यावरच्याला दुसऱ्यावर जावंच लागणार, दुसऱ्यावरच्याला तिसऱ्यावर. पण ते तर बेसला चिकटून उभे आहेत! फिल्डर पडलेला चेंडू उचलतो, तिसऱ्या बेसवर पाय ठेवतो, एक आऊट. दुसऱ्याकडे फेकतो, दुसरा आऊट. एका साध्या झेलाऐवजी दोन बळी. रनर पळाले असते तर? मग त्यानं झेल घेतला असता आणि ते परतताना आऊट. इकडे आड तिकडे विहीर, रनरच्या हातात काहीच नाही.

१८९० च्या दशकात बॉस्टनचे खेळाडू यात वाकबगार होते, टॉमी मॅकार्थीचं नाव विशेष घेतलं जातं. त्या दशकाच्या मध्यात नियम आला आणि १९०१ मध्ये तो एकही आऊट नसतानाही लागू केला गेला. आज तो असा आहे: पहिला आणि दुसरा बेस भरलेले असतील (किंवा तिन्ही), दोनपेक्षा कमी आऊट असतील, आणि उंच उडालेला फेअर चेंडू एखादा इनफिल्डर साध्या प्रयत्नात पकडू शकेल, तर पंच चेंडू हवेत असतानाच ओरडतो, "इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट". मग झेल पकडला काय, सुटला काय, बॅटर आऊटच. बॅटरच आऊट असल्यामुळे मागच्या रनरना पुढे पळायची सक्ती उरत नाही, सापळा संपला. सपाट मारलेला चेंडू यात येत नाही, बंटही येत नाही. चेंडू रेघेजवळ उडाला असेल तर पंच म्हणतो, "इनफिल्ड फ्लाय, इफ फेअर". म्हणजे खाली येऊन आत राहिला तर.

आणि इथेच गोची. चेंडू रेघेच्या बाहेर टेकला, कोणी शिवला नाही, आणि फिरकी घेऊन तिसऱ्या बेसच्या अलीकडेच आत आला, तर तो फेअर, इनफिल्ड फ्लाय लागू, बॅटर आऊट. उलट आत टेकला आणि बेसच्या अलीकडेच बाहेर जाऊन थांबला, तर फाऊल, बॅटर परत बॅटिंगला. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर चेंडू कुठे टेकून कुठे वळेल हे तर फिल्डरलाही सांगता येत नाही. पुन्हा तेच, शेवटपर्यंत बघत राहा.

पण या नियमातला सगळ्यात धोकादायक शब्द कोणता? "साध्या प्रयत्नात". हे कोण ठरवणार? पंच. कधी? चेंडू खाली यायच्या आत. कशावरून? नजरेवरून. ज्या अमेरिकेला प्रत्येक गोष्टीचा नियम आणि उपनियम लागतो, तिनं आपल्या लाडक्या खेळातली सगळ्यात गुंतागुंतीची चोरी थांबवायला शेवटी एका माणसाच्या अंदाजावर विश्वास टाकला. १९७५ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायद्याच्या नियतकालिकात एका विद्यार्थ्यानं, विल्यम स्टीव्हन्सनं, या नियमावर आठेक पानांचा तळटिपांनी भरलेला गमतीशीर लेख लिहिला. विषय असा की हा नियम आणि इंग्लंड-अमेरिकेतला न्यायाधीशांच्या निकालांतून वाढलेला कायदा यांची घडण कशी सारखी आहे. चेष्टा म्हणून लिहिलेला तो लेख वकील मंडळी अजून वाचतात.

त्या अंदाजाची किंमत काय असते ते ५ ऑक्टोबर २०१२ ला अटलांटात कळलं. ब्रेव्हज विरुद्ध कार्डिनल्स, हरेल तो घरी जाणार असा एकच सामना. आठव्या डावात ब्रेव्हज ६-३ नं मागे, पण पहिल्या-दुसऱ्या बेसवर रनर, एकच आऊट. अँड्रेल्टन सिमन्सनं उंच मारलेला चेंडू डावीकडे मागे गेला, इनफिल्डच्या बराच पलीकडे, गवतावर. कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप पीट कोझमा मागे धावत गेला, हात वर करून चेंडू माझा म्हणाला, आणि ऐन वेळी बाजूला झाला. डावा आऊटफिल्डरही थांबला. चेंडू दोघांच्या मध्ये टपकन पडला. अटलांटावाले उड्या मारायला लागले, तिन्ही बेस भरले! पण तोपर्यंत डाव्या रेघेवरचे पंच सॅम होलब्रूक यांचा हात वर गेलेला होता. इनफिल्ड फ्लाय. बॅटर आऊट.

मैदानात बाटल्यांचा पाऊस. खेळ १९ मिनिटं थांबला. ब्रेव्हजनी अधिकृत निषेध नोंदवला, तो फेटाळला गेला, कारण अंदाजाच्या निर्णयावर निषेध चालत नाही. सामना ६-३ लाच संपला. चिपर जोन्स या त्यांच्या लाडक्या खेळाडूचा तो शेवटचा सामना ठरला.

माझं मत विचाराल तर होलब्रूक नियमाला धरून होते. नियम "इनफिल्डर" म्हणतो, "इनफिल्डमध्ये" म्हणत नाही. शॉर्टस्टॉप चेंडूखाली आरामात पोचला होता. पण हात फार उशिरा वर गेला, चेंडू जवळजवळ खाली आल्यावर. या नियमाचा सगळा हेतूच रनरना आधी सावध करण्याचा आहे. ती हाक वेळेवर मिळाली नाही तर रनरना तिचा काय उपयोग? तुम्हाला वेगळं वाटत असेल तर कळवा, या विषयावर भांडायला मी कधीही तयार आहे.

आणि एक लक्षात घ्या. तिथे त्या रात्री सहा पंच होते. आपल्याकडे शालेय सामन्याला दोन मिळाले तरी बरं. बहुतेक वेळा तेही कुठल्या तरी शाळेतले शिक्षकच, सकाळपासून तिसरा सामना. होमपासून पहिल्या बेसचं अंतर बेसबॉलमध्ये ९० फूट, सॉफ्टबॉलमध्ये ६० फूट. म्हणजे सॉफ्टबॉलमध्ये सगळं जवळ, सगळं लवकर. मोठ्या लीगमध्ये २०१४ पासून बऱ्याच गोष्टींसाठी रिप्ले आहे, पण इनफिल्ड फ्लायचा निर्णय तिथेही रिप्लेवर मागता येत नाही. आपल्या मैदानावर तर रिप्ले म्हणजे कोणाच्या तरी काकांचा मोबाइल.

आणि त्या सामन्यावर काय टांगलेलं असतं? बाहेरच्यांना वाटतं, पोरांचा खेळ, एक निर्णय इकडे-तिकडे. पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी आहे. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण कुठल्या पातळीपर्यंत पोचलात यावर ठरतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, तिथेही पातळी आणि क्रमांक बघतात. म्हणजे विभागाच्या अंतिम सामन्यात रेघेवर पडलेला एक चेंडू एखाद्या मुलीच्या फायलीत पुढे कित्येक वर्षं असतो. पंचालाही हे माहीत असतं. बाजूला उभ्या तिच्या बाबांनाही.

मुलीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. बर्नीस गेरा. न्यूयॉर्कची. तिला बेसबॉलची पंच व्हायचं होतं. पंचांसाठी ५ फूट १० इंच उंचीची अट होती, ती ५ फूट २ इंच. ती कोर्टात गेली, कित्येक वर्षं लढली, आणि १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीच्या कोर्टात जिंकली. २४ जून १९७२ ला जिनीव्हा नावाच्या छोट्या गावात (स्वित्झर्लंडचं नाही, न्यूयॉर्क राज्यातलं) ती व्यावसायिक बेसबॉलमधली पहिली महिला पंच म्हणून बेसजवळ उभी राहिली.

चौथ्या डावात तोच प्रकार. सपाट मारलेला चेंडू हवेत झेलला गेला, रनर बेस सोडून निघालेला, फिल्डरनं चेंडू बेसवर पाठवला. गेरानं हात पसरले, सेफ. पण झेल झाल्यावर परतणाऱ्या रनरला अंगाला चेंडू लावावा लागत नाही, तो बेसवर पोचण्याआधी चेंडू तिथे पोचला की पुरे. तिच्या लगेच लक्षात आलं आणि तिनं निर्णय बदलला, आऊट. ऑबर्नचे मॅनेजर नोलन कॅम्बेल यांनी थयथयाट केला, तिनं त्यांना मैदानाबाहेर काढलं. त्या दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर ती निघून गेली, पुन्हा पंच म्हणून उभी राहिली नाही. तिचं म्हणणं होतं की बरोबरचे पंच तिच्याशी सहकार्यच करत नव्हते.

लोकांना तो बदललेला हात लक्षात राहिला. मला मात्र वाटतं, आधी चुकीचा आणि मग बरोबर हात दाखवायला फारच जिगर लागते. जामठ्यावर तसं काही झालं नाही, पायचीत म्हटलं ते म्हटलं.

आता पुन्हा मैदानावर येऊ, कारण एक गोष्ट मला फार आवडते. सॉफ्टबॉलमध्ये पहिला बेस दोन रंगांचा असतो. पांढरा भाग आत, नारिंगी भाग रेघेबाहेर, पळणाऱ्या मुलाची आणि बेसवाल्याची टक्कर होऊ नये म्हणून. चांगली कल्पना. पण मारलेला चेंडू त्या बेसला लागला तर? पांढऱ्याला लागला तर फेअर, फक्त नारिंगीला लागला तर फाऊल. म्हणजे सुरक्षिततेसाठी बेस जोडला आणि पंचाला आणखी एक रेघ बघायला दिली. तीही धुळीत, दोन-तीन डावांनंतर दोन्ही रंग मातीचेच झालेले असताना.

हा खेळ शिकागोत १८८७ साली एका बोट क्लबच्या हॉलमध्ये जन्मला, बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून चेंडू आणि बॅट म्हणून झाडूचा दांडा. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या माणसानं पहिले नियम लिहिले. थंडीत घरातल्या घरात खेळायची करमणूक, तिला फेअर-फाऊलची एवढी काळजी कुठून असणार? ती सगळी बेसबॉलकडून वारशानं आली. भारतात सॉफ्टबॉलचा महासंघ १९६१ मध्ये जोधपूरला उभा राहिला, आणि नंतर महाराष्ट्राच्या मुलामुलींनी हा खेळ मनावर घेतला. आमच्या विदर्भातल्या शाळांनीही.

शेवटी पुढच्या वेळी सामना बघायला गेलात तर एक गंमत बघा. चेंडू रेघेजवळ पडला की पंचाकडे नजर ठेवा. फाऊल असेल तर तो दोन्ही हात वर करून मोठ्यानं ओरडतो, "फाऊल बॉल!" फेअर असेल तर काही बोलत नाही. फक्त हात आतल्या दिशेनं दाखवतो. असं का? कारण "फाऊल" एकदा ओरडला की खेळ तिथेच मेला, सगळे थांबतात. नंतर कळलं की तो फेअर होता, तरी कोण किती पळालं असतं हे कोणी सांगू शकत नाही, आणि सहसा तो निर्णय मागे घेता येत नाही. फेअरला मात्र ओरडायची गरजच नसते, खेळ चालूच असतो. म्हणून नव्या पंचांना पहिल्या दिवशी हेच घोटवून घेतात: खात्री असेपर्यंत तोंड उघडू नका.

पुढच्या भागात खो-खोच्या खांबाजवळचे फाऊल घेऊ, त्यावर तुम्ही बरंच विचारलंय. तोवर तुमच्या शाळेतल्या सॉफ्टबॉलच्या सामन्यात पंचावरून झालेलं सगळ्यात मोठं भांडण लिहून पाठवा. फक्त पंचांचं नाव नको.